दर गुरुवारी कानाशी धरलेला नारळ

मी नवसाला बांधलेला नारळ बोलतोय. बाकीच्या नारळांना बोलायला सवड कुठे मिळते? सकाळी बाजारात, दुपारी देवापुढे, संध्याकाळी चटणीत. मला मात्र सवडच सवड मिळाली. इतकी, की शेवटी तिचाच राग यायला लागला.

माझा जन्म तिपटूरकडच्या बागेतला. झाडावर असताना जुने नारळ आम्हाला सांगायचे, आपलं सगळं आयुष्य एका ठोक्याचं असतं. तो ठोका देवापुढे बसला की झालं, पुढे काही मागायचं नाही. मी ते मनात पक्कं धरून ठेवलं. म्हणून सोलताना दुखलं नाही, पोत्यात गुदमरलो नाही, ट्रकमध्ये एवढे हादरे बसले तरी तक्रार केली नाही. चिटगुप्प्याला दत्ताच्या देवळासमोर सिद्धव्वाच्या गाड्यावर येऊन बसलो, तेव्हा मी अगदी खुशीत होतो. आता फार तर संध्याकाळपर्यंतची गोष्ट.

सिद्धव्वा फुलं, उदबत्त्या आणि नारळ विकते. तोंडाने कन्नड, मराठी, हिंदी सगळं एकात एक. गिऱ्हाईक दिसलं की तिची थट्टा सुरू. पण त्या दिवशी जानकीबाई आल्या आणि ती गप्प झाली. जानकीबाईंनी एकेक नारळ उचलला, कानाशी धरला, हलवला, खाली ठेवला. नारळ घेताना माणसं असंच करतात. पाणी बोललं तर चांगला, नाही बोललं तर बाजूला. माझं पाणी खळखळून बोललं. त्यांनी मला निवडलं.

सिद्धव्वाने सवयीने माझी शेंडी सोलायला हात घातला, तशा जानकीबाई म्हणाल्या, "शेंडी राहू दे गं. बांधायचा हाय."

बांधायचा म्हणजे काय ते मला कळलं नाही. सिद्धव्वाला कळलं. तिने हळूच विचारलं, "मास्तरचं कसं हाय, अक्का?" जानकीबाईंनी पिशवीचं तोंड उघडून समोर धरलं.

मास्तर म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा संकर्षण. हायस्कुलात गणित शिकवायचा. साधा ताप आला, उतरला आणि मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मुंग्यांकडे कोण लक्ष देतं? दुसऱ्या दिवशी चप्पल पायातून निसटायला लागली, नंतर गुडघे धरेनात, आणि कलबुर्गीच्या दवाखान्यात नेईपर्यंत श्वाससुद्धा यंत्राने द्यायची वेळ आली. आजाराचं नाव लांबलचक होतं. जानकीबाई नुसतं 'ते' म्हणायच्या. आपल्याच अंगाने आपल्याच नसांवर उठायचं, असा तो आजार. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. पायात ताकद केव्हा येईल, किती येईल, ते सांगता येत नाही.

बाजारातून घरी आल्यावर जानकीबाईंनी मला लाल खणात ठेवलं, सोबत हळकुंड आणि सुपारी. नवऱ्याला, म्हणजे निवृत्त हेडमास्तर मुकुंदरावांना, आणि सुनेला, विभाला, समोर उभं केलं. मग दत्ताच्या तसबिरीकडे बघून म्हणाल्या, "दत्तात्रेया, माझा संकर्षण आपल्या पायावर उभा राहून, आपल्या हातानं, तुझ्या पायरीवर हा नारळ फोडंल. तवर ही गाठ सुटायची न्हाई."

गाठ करकचून बसली. देवघराच्या चौकटीवर एक हूक होता, तिथे मला टांगलं. मला वाटलं, आठवडा जाईल.

संकर्षण घरी आला तो स्ट्रेचरवरून. मधल्या खोलीत देवघरासमोर त्याची खाट घातली. त्याचं तोंड माझ्याकडे, माझं त्याच्याकडे. तो टांगल्यासारखा पडलेला, मी पडल्यासारखा टांगलेला. सुरुवातीला त्याला मानही नीट वळवता येत नव्हती, त्यामुळे त्याला माझ्याकडेच बघत राहावं लागायचं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या घरात दर गुरुवारी पूजेला दुसरा नारळ यायचा. माझ्या खालून जायचा, मोरीच्या दगडावर फुटायचा, आणि संध्याकाळी फुटाण्याच्या चटणीत त्याचा वास यायचा. माझ्यामागून आलेले किती नारळ सुटले ते मी सांगत नाही. समोर दत्ताची तसबीर. तीन तोंडं, सहा डोळे, आणि त्यातला एकही माझ्याकडे वळेना. मी मनात म्हणायचो, देवा, तुला माझी गरज नसेल तर तसं सांग. पण मला असा अधांतरी ठेवू नकोस.

जानकीबाईंचं तर त्याहून वेगळं चाललेलं. मुलाचा पाय हलेना म्हटल्यावर त्यांनी चहा सोडला. मग साखर सोडली. मग चप्पल सोडली. चिटगुप्प्याच्या उन्हात अनवाणी देवळाला जाऊन यायच्या, आणि टाचांच्या भेगांत धूळ भरून काळ्या रेघा उमटायच्या. विभा तालुका कचेरीतून दमून यायची, नवऱ्याचे व्यायाम करून घ्यायची, आणि रात्रीच्या भाकरी थापता थापता सासूच्या पायांकडे बघून कळवळायची. एकदा म्हणाली, "आई, एवढं सोडत गेल्यावर शेवटी घरात आपण तरी राहणार हाव का? देवानं काय भाव करायला बसवलंय तुम्हाला?"

जानकीबाई म्हणाल्या, "तुझं माहेर मंठाळचं, तुमच्याकडं नवस थोडे. तुला काय ठावं!" विभाला हसू आलं, पण तिचे डोळे भरलेले होते. त्या घरात तेव्हा हसू आणि रडू वेगवेगळं येतच नव्हतं.

आणि दर गुरुवारी एक गोष्ट व्हायची. आरती झाली की जानकीबाई स्टुलावर चढून मला हुकावरून काढायच्या. गाठ सोडायच्या नाहीत. खणासकट कानाशी धरायच्या आणि हलवायच्या. आत पाणी बोललं की त्यांचा चेहरा निवळायचा. मग मला परत टांगायच्या आणि खाटेकडे बघून म्हणायच्या, "ऐकायलाय तो. ऐकायलाय."

घरात सगळ्यांना वाटायचं, नारळ चांगला आहे का ते बघतात. मला मात्र कळलं होतं. त्या बाजारातली सवय घेऊन देवापुढे उभ्या होत्या. माझ्यातल्या पाण्याचा आवाज म्हणजे दत्ताचा होकार, असं त्यांनी धरून टाकलं होतं. मी एक साधा नारळ. त्यांनी मला देवाचं तोंड करून ठेवलं. ते ओझं काही हलकं नव्हतं, कारण माझं पाणी कमी व्हायला लागलं होतं.

उन्हाळ्यात पत्रा तापायचा, देवघर तापायचं, आणि माझ्या आतलं पाणी दिवसादिवसाने बसत चाललं होतं. आधी खळखळ, मग नुसती खळ, मग कुठेतरी खोल एक थेंब इकडून तिकडे जावा तसं. मी धरून ठेवायला बघायचो. नारळ काय धरून ठेवणार? मला वाटायचं, नासतोय आपण. आत काळं पडत असणार. ज्या कामासाठी झाडावरून उतरलो त्या कामाचेच राहणार नाही.

खाटेवरचाही असाच चिडलेला. हाताला जोर आला, बसायला जमायला लागलं, आणि मग सगळं तिथेच थांबलं. व्यायाम घ्यायला बाई यायच्या. त्या म्हणायच्या, टाच दाबा सर. सर दाबायचे. काही व्हायचं नाही. एका सकाळी शर्टाचं बटण लावताना बोटं चुकली, पुन्हा चुकली, आणि त्याने शर्ट काढून भिंतीवर भिरकावला. तेवढ्यात जानकीबाई आल्या, अंगाऱ्याची पुडी घेऊन. तो म्हणाला, "आई, मी काय नवस हाय का? रोज येऊन मला हळदकुंकू लावायलीस. मला माणूस राहू दे ना जरा."

जानकीबाई पुडी तशीच मुठीत घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मुकुंदराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, फक्त पेपर आणखी वर धरला.

पावसाळा आला, गेला. एका गुरुवारी जानकीबाईंनी मला कानाशी धरलं. हलवलं. थांबल्या. पुन्हा हलवलं, दुसऱ्या कानाशी. आत काहीच नव्हतं. थेंबही नाही. मला ओरडावंसं वाटलं. नारळाला ओरडता येत नाही.

त्यांनी मला परत टांगलं. स्टुलावरून उतरल्या आणि देवघराच्या उंबऱ्यावर बसल्या. आरती झाली होती, पण नैवेद्य दाखवायचा राहिला होता, तो राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आंघोळ केली, दिव्यात तेल घातलं, वात लावली नाही. मुकुंदरावांनी विचारलं तर म्हणाल्या, "त्यानं न्हाई म्हणून सांगितलं. आता कामून लावू?"

असे काही दिवस गेले. चपला घालायला लागल्या नाहीत, चहा घ्यायला लागल्या नाहीत, पण देवाशी बोलणं बंद. आधी तसबिरीशी भांडायच्या, ते मला आवडायचं. भांडणारा माणूस समोरच्याला तिथे आहे असं धरून चालतो. आता त्या देवघरापुढून जाताना पदर सावरून अशा जायच्या, जसं एखाद्या अबोल्यातल्या जावेसमोरून जावं.

मुकुंदरावांना ते बघवेना. एका दुपारी ते पिशवी घेऊन आले. पिशवीत सिद्धव्वाकडचा ताजा नारळ. मी वरूनच ओळखलं, कारण तो चालताना बोलत होता. विभा घरीच होती. दोघांचं आधी ठरलेलं दिसत होतं. जानकीबाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या, नळ चालू होता. विभाने स्टूल धरलं, मुकुंदराव वर चढले, मला खाली घेतलं. एवढे मोठे हेडमास्तर, पण चोरासारखं मागच्या दाराकडे बघून घेतलं. त्यांनी गाठीला नख लावलं.

मी काय सांगू, मला काय वाटलं! मला विहिरीत टाकणार. माझ्या जागी पाणी बोलणारा कुणी तरी बसणार, जानकीबाई येत्या गुरुवारी त्याला कानाशी धरणार, आणि म्हणणार, ऐकायलाय तो. एवढे दिवस मी लटकलो ते कशासाठी?

"अप्पा," खाटेवरून आवाज आला, "काय करायलाव?"

मुकुंदराव दचकले. त्यांना वाटलं होतं, संकर्षण झोपलाय. मग त्यांनी खरं ते सांगितलं. तिच्यासाठी करतोय म्हणाले. पाणी वाजलं तर ती परत दिवा लावेल. खोटं आहे, पण एवढंच खोटं आहे.

"आण तो हिकडं," संकर्षण म्हणाला. विभाने मला त्याच्या हातात दिलं. त्याने मला दोन्ही हातांनी धरलं, खणासकट. त्याची बोटं माझ्याभोवती बसली, घसरली नाहीत. अर्धवट सुटलेल्या गाठीवरून त्याने अंगठा फिरवला. मग म्हणाला, "ह्याच्यातलं पाणी गेलं म्हणून ह्याला बदलायलाव. माझ्या पायातलं बी गेलंय. मला कवा बदलणार, अप्पा?"

नळ बंद झाला होता. जानकीबाई मागच्या दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत राखेचे हात. त्यांनी पिशवीतला ताजा नारळ बघितला, नवऱ्याकडे बघितलं, अर्धी सुटलेली गाठ बघितली. आता ओरडतील, असं मला वाटलं. त्या हात धुऊन आल्या, मुलाच्या खाटेवर टेकल्या, आणि त्याच्या हातातच माझी गाठ पुन्हा आवळायला लागल्या.

"अप्पांना कशाला बोलायलास," त्या म्हणाल्या. "चूक माझीच हाय. बांधून ठेवलं म्हणायचं आणि दर गुरुवारी हलवून बघायचं. माणूस कुणाला तरी जामीन ठेवतो आणि रोज त्याचे खिसे चाचपतो, असं झालं माझं. दत्तानं मला कधी म्हणलं का, पाणी वाजंल तवरच मी हाय म्हणून?"

विभाने उठून वात लावली. जानकीबाईंनी नैवेद्याला म्हणून वाटीत दोन फुटाणे ठेवले, त्या वेळी घरात तेवढेच हाताशी होते. मला परत हुकावर चढवलं. ताज्या नारळाची संध्याकाळी चटणी झाली. तो सुटला, मी राहिलो. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला तो हूक टोचला नाही.

त्यानंतर मला कुणी कानाशी धरलं नाही. गुरुवारी जानकीबाई नुसता हात वर करून खणाला शिवायच्या आणि पुढे जायच्या. नवीन काही सोडायचंही त्यांनी थांबवलं. विभाने एके दिवशी सासूच्या टाचांना कोकमतेल चोळलं आणि चपला पुढे ठेवल्या. जानकीबाईंनी तसबिरीकडे बघितलं, अंदाज घेतला, आणि चपला घातल्या.

संकर्षण मात्र माझ्यावर डोळा ठेवून होता. वॉकर आला होता. खाट ते देवघर, एवढंच अंतर. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा ओढून. माझ्याखाली येऊन तो हात वर करायचा. पहिल्यांदा हात पोचायच्या आधी गुडघे गेले. विभाने धरलं. पुढे पुष्कळ वेळा पडला, एकदा हनुवटी फुटली. चिडायचा, शिव्या द्यायचा, मला द्यायचा, दत्ताला द्यायचा. जानकीबाई आतून म्हणायच्या, "दे, दे, त्याला सवय हाय." मग एका दिवशी त्याची बोटं खणाच्या टोकाला लागली. मी हललो. आत खड असा आवाज आला, दगड सरकल्यासारखा. मला वाटलं, हे नासण्याच्याही पुढचं काहीतरी झालंय.

दत्तजयंतीच्या आधीच्या गुरुवारी मला हुकावरून काढलं आणि देवळात नेलं. संकर्षण रिक्षातून. सिद्धव्वाने गाडा सोडून वाट करून दिली. देवळाच्या खालच्या पायरीशी नारळ फोडायचा दगड आहे. आता ऐका, ह्यातली अडचण. वॉकर धरायला दोन हात लागतात. मला फोडायलाही दोन हात लागतात. मुकुंदराव म्हणाले, खुर्ची आणतो, बसून फोड. पुजारी म्हणाले, चालतं, देव काही मोजत नाही. जानकीबाईंनी गाठ सोडली आणि मला मुलाच्या वॉकरवर टेकवून धरलं. घ्यायचं की नाही ते त्याच्यावर.

त्याने एक हात सोडला. मग दुसरा. विभाचे तळहात त्याच्या पाठीमागे, एका बोटाच्या अंतरावर, शिवले नाहीत. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून त्याने मला डोक्यावर उचललं आणि दगडावर टाकलं.

मी फुटलो नाही. उसळलो आणि सिद्धव्वाच्या गाड्याखाली गडगडत गेलो. एवढ्या दिवसांनी ठोका मिळाला आणि तोही वाया. जानकीबाईंनी तोंडाला पदर लावला. संकर्षणचे गुडघे थरथरत होते, कपाळावर घाम, पण त्याने वॉकर धरला नाही. सिद्धव्वाने मला उचलून, शेणमाती पुसून, त्याच्या हातात दिलं. "अण्णा, हा बी तुमच्यागतच हट्टी हाय. आणिक एकदा."

दुसऱ्या ठोक्याला मी फुटलो.

जानकीबाईंनी मान वळवली होती. त्यांना काळं, नासकं बघायचं नव्हतं. मलाही नव्हतं. पण करवंटीचे दोन तुकडे बाजूला पडले आणि आतून अख्खा, गोल, कोरडा खोबऱ्याचा गोटा दगडावरून घरंगळत त्यांच्या पायाशी आला. बोटभरही कुठे चीर नव्हती. वास तर असा, की पुजाऱ्यांनीही वाकून बघितलं.

तो मी होतो. पाणी गेलं म्हणून मी एवढा हळहळलो, ते कुठेही गेलं नव्हतं. ते माझ्यातच मुरलं होतं. त्या उन्हात, त्या पावसात, मी टांगलेला असताना, मला वाटत होतं देवाचं लक्ष नाही. त्याचं काम चालू होतं. फक्त ते वाजत नव्हतं.

जानकीबाईंनी मला उचललं. आपसूक हात कानाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी मला कपाळाला लावलं. संकर्षण वॉकर धरून खाली बसला, हसत की रडत ते सांगता येत नव्हतं. विभा तेवढी म्हणाली, "आता चहा तरी प्या, आई." जानकीबाईंनी सिद्धव्वाच्या गाड्यामागे बसून कपभर चहा घेतला, साखर घालून, आणि म्हणाल्या लई गोड झाला.

गोष्ट एवढीच नाही, हेही सांगायला हवं. संकर्षण अजून काठीने चालतो. जिना त्याला जमत नाही. शाळेत खुर्चीवर बसून शिकवतो, आणि फळ्याच्या वरच्या भागात गणित मांडायचं असेल तर अजून चिडतो. नवस फिटला म्हणजे सगळं संपलं असं झालेलं नाही. पण आता जानकीबाई देवाला म्हणतात, "तुझं चालू दे, मी हाय," आणि पोळ्या लाटायला लागतात.

मला चिरून दोन वाट्या केल्या. एक देवळात राहिली. दुसरी वाटी म्हणजे मी, इतके महिने स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यात आहे. उद्या गुरुवार. किसणी धुऊन ओट्यावर पालथी घातली आहे, खडीसाखर आणि खारका काढून ठेवल्या आहेत. खिरापत व्हायची आहे माझी. ओला असतो तर चटणीत गेलो असतो आणि संध्याकाळी संपलो असतो. खिरापतीला सुकंच खोबरं लागतं.

जाता जाता एक मागणं. तुमच्याही घरात असा कुणीतरी हुकाला बांधलेला असेल. असू दे. हात लावा, नमस्कार करा, रागावलात तर रागवा, देवाला चालतं. फक्त त्याला कानाशी धरून हलवू नका. आतून आवाज येत नसेल, तेव्हा तो भरत असतो.